पावसाळ्यापूर्वी जनरेटरसाठी मुदत ठेव मोडावी का?

आपण लिहिता की कोल्हापुरातील कसबा बावड्याच्या आपल्या रो-हाऊसपर्यंत 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत पाणी आले नाही, मात्र वीज कित्येक दिवस गेली, बोअरची मोटर बंद पडली आणि सासऱ्यांच्या इन्सुलिनची काळजी लागून राहिली. म्हणून यंदा दीड लाखांची मुदत ठेव मोडून 62,000 रुपयांचा अडीच केव्हीए क्षमतेचा पेट्रोल जनरेटर घ्यायचे घरात जवळजवळ ठरले आहे. वृद्ध माणूस घरात असताना ही निकड मला पूर्ण पटते. तरीही ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी रोजच्या वीजकपातीचा हिशेब पाहू. आपल्या अंदाजाप्रमाणे वर्षभरात शंभरेक तास वीज जाते. या आकाराचा जनरेटर अर्ध्या भारावर तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल घेतो आणि पेट्रोल शंभर रुपयांच्या पुढे आहे, म्हणजे नुसत्या इंधनाचेच वर्षाला आठ-दहा हजार झाले. ऑइल, प्लग आणि महिनोन्‌महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलने चोंदणारा कार्ब्युरेटर यांचा खर्च वेगळा. दहा वर्षांत खरेदी धरून हा आकडा दीड लाखाच्या घरात जातो. याउलट 150 अँपिअर-अवरच्या ट्यूब्युलर बॅटरीसह इन्व्हर्टर पंचवीस हजारांच्या आसपास मिळतो. पाचेक वर्षांनी एकदा बॅटरी बदलली तरी दहा वर्षांचा खर्च चाळीस-पंचेचाळीस हजारांवर जात नाही. दोन पंखे, चार-पाच एलईडी दिवे आणि राउटर एवढ्यावर तो पाच-सहा तास निभावतो, आणि तास-दोन तासांच्या कपातीला तेवढे पुरेसे आहे.

खरा प्रश्न महापुराचा आहे, कारण तिथे इन्व्हर्टर एका रात्रीनंतर थकतो. पण त्याच दिवसांत जनरेटरला पेट्रोल कुठून आणणार, हे आपण पत्रात धरलेले नाही. 2019 मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहरात इंधनाची टंचाई झाली, हे आपण स्वतः पाहिले असेल. घरात साठा करावा म्हटले तर कायद्याने विनापरवाना तीस लिटरच पेट्रोल ठेवता येते, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात. शिवाय रो-हाऊसमध्ये स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे ते ठेवणे मला मुळीच मान्य नाही.

जागेचा मुद्दा मला पैशांहून मोठा वाटतो. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही, त्यामुळे यंत्र खिडक्या-दारांपासून किमान वीस फूट दूर, उघड्यावर, तरीही पावसापासून आडोशाला ठेवावे लागते. आपल्या वर्णनाप्रमाणे घरासमोर फक्त गाडी लावण्यापुरता पोर्च आहे आणि शेजारच्यांची खिडकी त्याला लागून आहे. धो-धो पावसात हे यंत्र पोर्चमध्ये ओढले जाणार, हे उघड आहे, आणि तसे होता कामा नये.

मग पाण्याचे काय? एक अश्वशक्तीची बोअरची मोटर चालताना सुमारे अकराशे वॅट घेत असली तरी सुरू होताना त्याच्या तिप्पट-चौपट किंवा अधिक भार मागते. आपल्याला दाखवलेला जनरेटर ती उचलेलच असे नाही. आपल्या जवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी इशारा पातळीकडे सरकू लागताच, वीज असतानाच, गच्चीवरील टाक्या काठोकाठ भरून ठेवाव्यात. हजार लिटरची आणखी एक टाकी आठ-दहा हजारांत बसते आणि काटकसरीने चौघांच्या कुटुंबाला तीन-चार दिवस अधिक पुरवते. वापरात असलेले इन्सुलिन बहुधा तीस अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते आणि कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट तसा थंडच असतो. मात्र राखीव कुप्यांविषयी आपल्या डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

छतावरील सौर यंत्रणेचाही आपण उल्लेख केला आहे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळते आणि बिलासाठी ती उत्तमच आहे, परंतु बॅटरीविना ग्रीडला जोडलेली यंत्रणा वीज गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होते. महापुरासाठी म्हणून ती घेऊ नका.

तेव्हा इन्व्हर्टर आणि टाकी मिळून खर्च पस्तीस हजारांच्या आसपास येतो. आपण दरमहा नऊ हजार शिल्लक टाकता. चार महिन्यांच्या शिलकीत हे भागते. आधी इन्व्हर्टर घ्या आणि जूनपर्यंत टाकी. ठेव तशीच राहू द्या, कारण मुदतीपूर्वी मोडल्यास बँक कमी काळाचा दर लावून वर दंडही कापते आणि आपल्या मासिक खर्चाच्या मानाने ही चार महिन्यांची पुंजी आहे. पुरात पगार थांबत नाही, पण आपल्या यजमानांच्या वर्कशॉपचे काम थांबते, हे आपणच लिहिले आहे.

यानंतरही गल्लीतील चार घरांना मोटरपुरता जनरेटर हवाच असेल, तर मोकळी जागा असलेल्या घराकडे तो ठेवून खर्च वाटून घ्यावा. प्रत्येकी साडेपंधरा हजार पडतील. पैसे देण्यापूर्वी आपल्याच मोटरवर तो चालवून पाहा आणि परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा) बसवून घ्या, अन्यथा उलट्या प्रवाहाने खांबावरील महावितरणच्या कर्मचाऱ्याचा जीव जाऊ शकतो.