सतरावं प्रकरण कुठे आहे?

पत्र: ताई, मी ६३ वर्षांची. पोस्टातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, राहणार नागपूर. गेल्या दीड वर्षात एक प्रेमकादंबरी लिहिली, तीन शंभरपानी वह्या भरल्या. नायिका ५६ वर्षांची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. नायक साठीचा, धरमपेठेत एकटा राहणारा. ह्यांचा पूर्ण पाठिंबा आहे, वह्या सीताबर्डीत टायपिंगला हेच नेऊन देतात. (सतरावं प्रकरण तेवढं दिलेलं नाही, बाराच पानं आहेत. मे महिन्यातली दुपार आहे, दोघंच घरात असतात. टायपिंगचा मुलगा मला आजी म्हणतो. त्या जागी 'त्यानंतर बरेच दिवस गेले' एवढंच लिहिलंय.) एका प्रकाशकांनी 'उत्तरार्ध पटत नाही' म्हणून परत पाठवली. दुसरे छापायला तयार आहेत, पण ७०,००० रुपये मागतात. सुनेच्या माहेरी सगळे वाचणारे, विहीणबाईंचं दडपण येतं. टोपणनाव घ्यावं का? पैसे भरावेत का? आणि या वयात हे शोभतं का?

उत्तर: काकू, शोभण्याचा प्रश्न तुम्ही वहीचं पहिलं पान उघडलंत तेव्हाच निकालात निघाला. तीनशे पानं लिहून झाल्यावर तो विचारायचा नसतो. टोपणनावाचं आणि पैशाचं पुढे सांगते. आधी तो कंस.

अख्ख्या पत्रात कंस एकच आहे आणि कादंबरीचा जीव त्या कंसात कोंबून तुम्ही पुढे निघून गेलात. पहिल्या प्रकाशकांना उत्तरार्ध पटला नाही, यात त्यांची काय चूक? सोळाव्या प्रकरणापर्यंत जी दोन माणसं एकमेकांना जपून बोलतात, ती अठराव्यात एकमेकांसाठी मुलांशी वाद घालत असतील, तर मध्ये काय घडलं हे वाचकाला दिसायला नको? ते घडलेलं तुम्ही कपाटात ठेवलंय. प्रेमकथेत भांडण, गैरसमज, पत्रिका, मुलांचा विरोध हे सगळं बाहेरचं असतं. दोघांमधलं अंतर नेमकं कुठल्या क्षणी मिटलं, हे वाचकाला हातात द्यावंच लागतं. तुम्ही त्याला 'बरेच दिवस' दिलेत.

आणि दोष सुनेच्या माहेराला देऊ नका. विहीणबाईंनी अजून एक ओळ वाचलेली नाही. प्रकरण तुम्ही काढलंत. तुमच्या ह्यांनीसुद्धा सोळा आणि अठराच्या मधली जागा पाहिली असणार, आणि काही विचारलं नसणार. असला पाठिंबा दुकानापर्यंत पिशवी उचलायला पुरतो, काकू. लिहिणाऱ्या बाईला विचारणारा माणूस लागतो.

तर या आठवड्यात एकच काम करायचं. सतरावं प्रकरण स्वतः टाइप करायचं आणि जागेवर बसवायचं. तोवर कोणत्याही प्रकाशकाला फोन नाही, मेल नाही.

अवघड नाही ते. वहीच्या पानावर साधारण १८० शब्द बसतात असं धरलं, तर बारा पानांचे २,१०० च्या आसपास शब्द होतात. नवशिक्या माणसाला फोनवर मिनिटाला दहा शब्द सहज जमतात. रोज तीन पानं म्हणजे तासाभराचं काम, चार दुपारी. फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा. त्यात इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवण्याची सोय असते, ती घ्या. गूगल डॉक्समध्ये लिहा, म्हणजे फाइल आपोआप जपली जाते. पण ती स्वतःच्या खात्यात उघडा, घरात सगळे वापरतात त्या खात्यात नको. आणखी एक, टाइप केलेले शब्द लक्षात ठेवण्याची कीबोर्डची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. नाहीतर घरच्या ग्रुपवर 'शुभ सकाळ' टाकायला जाल आणि तो सतराव्या प्रकरणातला शब्द पुढे करेल.

बोलून टाइप करायचा मोह होईल. करू नका. एक तर त्यात विरामचिन्हं धड उमटत नाहीत. दुसरं म्हणजे एकेक शब्द बोटाखालून गेला की तुमचं तुम्हालाच कळेल, कुठे खरं लिहिलंय आणि कुठे लाजून घाईत पुढे पळालात.

ते पळणं कसं दिसतं, सांगते. घाबरलेला लेखक अशा ठिकाणी हमखास समुद्र, वीज, वेल आणि पाकळ्या आणतो. नागपुरात समुद्र नाही, तो काढा. मे महिन्यातली दुपार म्हणता ना? बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर सुरू, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास. कूलरच्या घरघरीत खोलीच्या या टोकाचं बोलणं त्या टोकाला ऐकू जात नाही. ऐकायचं तर सरकून जवळ बसावं लागतं. एवढं फुकट मिळालेलं असताना दुसरं कारण शोधू नका. त्याला 'प्रिये' वगैरे म्हणायला लावलं असेल, तर खोडा. धरमपेठेतला साठीचा माणूस अशा वेळी 'टाकीतलं पाणी संपलं वाटतं' असं म्हणून उठतो, पाणी भरतो आणि परत येताना कुठल्या खुर्चीवर बसायचं ते ठरवतो. ते ठरवणं लिहा.

वय लपवू नका. तिचे गुडघे, त्याचा चष्मा, रक्तदाबाची गोळी, ब्लाउजच्या हुकाशी अडणारी बोटं, हे सगळं राहू द्या. विशीतल्या जोडप्याच्या प्रेमप्रसंगात हे मिळत नाही. चष्मा कुठे ठेवला हे जरूर लिहा, नंतर तो सापडायला हवा.

शब्दांची अडचण येते ती अशी. शरीरासाठी आपल्याकडे एक दवाखान्याची भाषा आहे, एक संस्कृत काव्यातली आणि एक शिवीतली. तिन्ही नकोत. तुमची नायिका मनातल्या मनात ज्या भाषेत विचार करते, तीच वापरा. जिथे तिला शब्द सुचत नाही तिथे तुम्हीही थांबा, स्पर्श दाखवा आणि पुढे जा. किती उघड लिहायचं याचा हिशेब एवढाच की, प्रकरण संपल्यावर तिला त्याच्याबद्दल असं काहीतरी कळलेलं असावं, जे सोळाव्याच्या शेवटी माहीत नव्हतं. ते कळेपर्यंत लिहा. त्यापुढची पानं जास्तीची. मग अठरावं प्रकरण पुन्हा वाचा. तिथली पहिली दोन-तीन पानं बदलावी लागतील, कारण आतापर्यंत ती पोकळीवर उभी होती.

दुकानातून आलेली बाकीची फाइल तपासा. ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोडमध्येच मागा, म्हणजे अक्षरं कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसतील. रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, म्हणून प्रूफ त्यानंतर वाचायचं. सगळं मिळून तुमची कादंबरी ५०,००० शब्दांच्या थोडी पुढे जाईल, छापील दोनशे-सव्वादोनशे पानं. प्रेमकादंबरीला हे माप अगदी बरोबर आहे, वाढवत बसू नका.

आता ७०,००० रुपये. भरू नका. प्रकरण काढलेली कादंबरी छापायला जे तयार आहेत, त्यांनी ती वाचली असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या अंदाजपत्रकात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे, पैसे लावले असतील, तर लक्षात ठेवा, भारतात तो क्रमांक सरकारी संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. पुढे कुणाशीही करार कराल तेव्हा किती प्रती, किंमत किती, दुकानात कोण पोचवणार, उरलेल्या कुणाच्या, हे लेखी घ्या. ई-बुक, ऑडिओ आणि अनुवाद यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या, 'सर्व हक्क' या दोन शब्दांवर सही करू नका. हक्क देण्याची मुदत करारात नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, पण त्या भरवशावर न राहता मुदत लिहूनच घ्या. बत्तीस प्रकारचे फॉर्म तपासण्यात तुमचा जन्म गेलाय, हा एक जास्त.

परत पाठवणाऱ्या त्या पहिल्या प्रकाशकांनाच आधी पाठवा. एका पानाचं पत्र, दोन पानांचा सारांश आणि पूर्ण हस्तलिखित. सारांशात शेवट सांगायचा, उत्सुकता ताणायची नाही. पत्रात स्पष्ट लिहा की, पूर्वीच्या प्रतीत एक प्रकरण नव्हतं, ते आता आहे. वह्या कुणालाही देऊ नका, घरीच राहू द्या. हस्तलिखित पाठवण्याआधी नात्यातलं नसलेल्या कुणीतरी ते एकदा वाचायला हवं. सीताबर्डीत राणी झाशी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ पासूनची संस्था. तिथल्या कार्यक्रमांना चार वेळा जाऊन बसा, वाचणारी माणसं आपोआप ओळखीची होतील.

टोपणनाव हवं तर घ्या. करारावर आणि बँकेत खरं नाव, मुखपृष्ठावर हवं ते. पण प्रकरण ठेवून टोपणनाव घ्या, प्रकरण काढून खरं नाव लावू नका. विहीणबाई वाचतील, नाव काहीही असलं तरी त्यांना कळेल. त्यांना प्रत भेट देऊ नका, विकत घेऊ द्या.