सौर वाऱ्याच्या कणांमुळे ध्रुवीय प्रकाश कसा तयार होतो? तो कोकणातून दिसेल का?

सौर वारा म्हणजे सूर्यातून सुटणाऱ्या विद्युतभारित कणांचा प्रवाह. त्याचे कण थेट ध्रुवांवर येऊन पडतात, ही समजूत आधी खोडा. बहुतेक कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला वळसा घालून निघून जातात. वाऱ्यासोबत आलेलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं, की ते आपल्या क्षेत्ररेषांशी जोडलं जातं आणि वारा त्या रेषा रात्रीच्या बाजूला ओढत नेतो. तिथे त्या गलोलीच्या रबरासारख्या ताणल्या जातात. तुटून पुन्हा जुळल्या की इलेक्ट्रॉन पृथ्वीकडे सुटतात आणि ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यात हवेवर आदळतात. शंभर-दीडशे किलोमीटरवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, दोनशेच्या वरचा लाल.

मी अलिबागचा. मे २०२४ मध्ये मोठं चुंबकीय वादळ झालं, म्हणजे सौर वाऱ्याने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र खळबळलं. लडाखच्या हानलेहून लाल आकाशाचे फोटो आले, तेव्हा आम्ही सगळे एका लग्नात होतो. मी म्हटलं, हे वादळ आमच्या चुंबकीय वेधशाळेतही उमटलं असणार. पुण्याचा मावसभाऊ भर पंगतीत म्हणाला, "ध्रुवावरच्या गोष्टीशी अलिबागचा काय संबंध? अलिबागहून आलायस ते कळतंय!" सगळे हसले. अजून झोंबतं.

संबंध आहे, आणि थेट आहे. अशा वादळात विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर, विद्युतभारित कणांचा वलयप्रवाह पृथ्वीभोवती वाढतो आणि जमिनीवरचं आडवं चुंबकीय क्षेत्र घटतं. ती घट नीट मोजायला ध्रुवांपासून लांबचीच जागा लागते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने मोजणी बिघडणार, म्हणून मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी तिथलं हे काम अलिबागला हलवलं. १९०४ पासून इथे नोंदी होताहेत. शाळेतून आम्हाला तिथे नेलं होतं; खोल्यांच्या बांधकामात लोखंड नाही, आमच्या किल्ल्यासुद्धा बाहेर ठेवायला लावल्या. सप्टेंबर १८५९ च्या महावादळात कुलाब्याला नोंदलेली सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घट शास्त्रज्ञ आजही अभ्यासतात.

आणि हानलेचं ते लाल आकाश? शास्त्रज्ञांनी तेव्हा सांगितलं, की तो नेहमीचा ध्रुवीय प्रकाश नव्हता. तो वलयप्रवाहाच्या उष्णतेने उजळलेला लाल पट्टा होता. म्हणजे अलिबागला मोजतात, त्याच प्रवाहाचा. मावसभावाने हे वाचावं.

कोकणातून दिसेल का? नाही, असंच धरा. ४ फेब्रुवारी १८७२ ला मुंबईत दिसल्याची नोंद आहे, पण त्यावर आशा ठेवू नका. हानलेलाही मुख्यतः कॅमेऱ्यानेच तो टिपला. वादळाच्या दिवशी आकाशाकडे बघत बसण्यापेक्षा अलिबागचा आलेख मिळवून बघा.