पबजीत १०० जण एकत्र खेळतात, मग त्याला एमएमओ (प्रचंड संख्येने खेळाडू एकत्र खेळतात असा ऑनलाइन गेम) का म्हणत नाहीत?

कारण पबजीतलं जग टिकत नाही. प्रश्न खेळाडूंच्या आकड्याचा नाहीच. १०० जण बेटावर उतरतात, अर्ध्या तासात सामना आटोपतो आणि पुढच्या सामन्यात बेट पुन्हा कोरं. खऱ्या एमएमओत तुम्ही लॉगआउट केलं तरी जग चालूच राहतं. २००३ साली आलेल्या ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये (चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर) सगळे एकाच विश्वात असतात, जहाजंही बहुतेक खेळाडूच बांधतात आणि विकतात. जानेवारी २०१४ मध्ये तिथे एका सूर्यमालेच्या ताब्याचा हप्ता भरायचा राहून गेला. त्यावरून पेटलेल्या लढाईत हजारो खेळाडू उतरले, ७५ टायटन, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी जहाजं, नष्ट झाली आणि ती गेली ती गेलीच. नुसती लेव्हल आणि सामान सेव्ह होणं मी यात धरत नाही, ते आता कुठल्याही नेमबाजीच्या गेममध्ये होतं. मात्र सीमारेषा पुसट आहे: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नक्कीच एमएमओ, तरी त्यातल्या डंजनमध्ये (शत्रूंनी भरलेल्या बंदिस्त जागेत) पाच जणांच्या गटाला स्वतःची वेगळी प्रत मिळते, तिथे बाकीचं जग येऊच शकत नाही.