पहिली ट्रायल्स सायकल : टिकाऊपणा कशात पाहावा?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहतो. वय 29 वर्षे, वजन 84 किलो. सायकलस्वार डॅनी मॅकॅस्किल यांच्या कसरतींच्या चित्रफिती पाहून ट्रायल्स (पाय जमिनीला न टेकवता सायकलने अडथळे पार करण्याचा खेळ) शिकावेसे वाटते. सायकल आपटणार हे गृहीत धरले आहे. स्पर्धेची हलकी नवी सायकल घ्यावी, की वापरलेली चालेल?
— एक वाचक

उत्तर : वापरलेली चालेल, आणि स्पर्धेची सर्वांत हलकी सायकल तर आपण घेऊच नये. तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या पातळ असतात, वजन घटवण्यासाठी रिमला मोठी भोके पाडलेली असतात, आणि चाक नेमके हवे तेथेच टेकवणारा कसलेला स्वार गृहीत धरून ती घडवलेली असते. नवशिक्याचा मात्र कठड्यावर चढताना अंदाज चुकतो आणि टायरऐवजी रिम किंवा क्रँक (पायडलचा दांडा) दगडावर आदळतो.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 20 आणि 26 इंची चाकांचे वेगळे गट असतात. मॅकॅस्किल यांची, एप्रिल 2009 मधील एडिनबरोच्या चित्रफितीमुळे जगभर पोचलेली सायकल 24 इंची आहे. आपल्याला शहरातील कठडे आणि पायऱ्याच खुणावत असतील, तर 24 इंचीच पाहावी. फ्रेम क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित) पोलादाची मिळाली तर उत्तम; थोडे वजन वाढते, पण पोलाद बहुधा वाकून आधी सूचना देते, तर अ‍ॅल्युमिनियममध्ये पडलेली चीर लवकर पसरू शकते.

तथापि फ्रेमपेक्षाही मला काळजी वाटते ती चेन आणि फ्रीव्हीलची (पायडल पुढे मारताना पकड घेणारा आणि उलट मोकळा फिरणारा भाग). मागच्या चाकावर उभे राहून पायडलला झटका देताना स्वाराचा सारा भार एका क्षणात त्यांच्यावर येतो; त्या वेळी चेन तुटली किंवा फ्रीव्हील घसरले, तर नडगी पायडलवर आणि छाती हँडलवर आपटते. बऱ्याच ट्रायल्स सायकलींत फ्रीव्हील मागे नसून क्रँकपाशी असते. ते 72 टप्प्यांचे, म्हणजे एका फेऱ्यात 72 ठिकाणी पकड घेणारे असेल, तर पकड येण्यापूर्वी पायडल जास्तीत जास्त 5 अंश रिकामे फिरते, आणि शिकण्यासाठी एवढे पुरे आहे. 108 टप्प्यांच्या आकर्षणापेक्षा आतले खटके आणि दाते भक्कम असणे महत्त्वाचे. पैसे खर्च करायचे ते येथे करावेत. वापरलेल्या सायकलीची चेन तर, दिसायला कितीही चांगली असली, तरी पहिल्याच दिवशी बदलावी आणि तो खर्च किमतीत धरावा.

सायकल पाहायला दिवसाउजेडी जावे. हँडलखालच्या नळीचे जोड, क्रँकच्या आसपासचे वेल्डिंग, मागचे चाक बसते त्या खाचा आणि ब्रेकचे आधार फडक्याने पुसून नखाने चाचपावेत; रंगावर केसासारखी रेघ दिसली आणि ती नखाला लागली, तर सौदा सोडावा. फोर्क अ‍ॅल्युमिनियमचा असल्यास त्याचीही अशीच तपासणी करावी. रिम ब्रेक असेल, तर पकड वाढवण्यासाठी रिमची बाजू ग्राइंडरने खरवडलेली असण्याची शक्यता असते. वारंवार खरवडल्याने तेथील धातू पातळ होतो, म्हणून अशा रिमच्या कडा खोलगट लागल्या, तर नव्या रिमची किंमत आणि चाक पुन्हा बांधण्याची मजुरी विक्रेत्याच्या किमतीतून वजा करून मगच बोली करावी.