कॉन्फेडरेट तोफखान्यातील सैनिकाचा शोध : सुरुवात कुठून करावी

कॉन्फेडरेट म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861-65) फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचे सैन्य. त्यातल्या सैनिकाचा शोध आडनावावरून थेट सुरू करू नका, कारण एकाच नावाचे अनेक सैनिक सापडतात आणि नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. आधी त्याचे राज्य आणि त्याची बॅटरी (तोफखान्याची तुकडी) निश्चित करा. कॉन्फेडरेट बॅटऱ्या बहुधा कॅप्टनच्या नावाने ओळखल्या जात आणि कॅप्टन बदलला की नावही बदले. नॉर्थ कॅरोलायनाची रोवन आर्टिलरी आधी रायलीची आणि नंतर रॅमसेची बॅटरी म्हणवली गेली, शिवाय कागदोपत्री ती दहाव्या रेजिमेंटची डी कंपनीही होती. ही सगळी नावे वहीत एकत्र लिहून ठेवा.

मग अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील त्याची संकलित सेवा-नोंद पाहा. हजेरीपटांवरून उतरवलेल्या त्या कार्डांवर साधारणपणे दोन-दोन महिन्यांचा काळ आणि तो हजर होता की गैरहजर, एवढे असते. प्रत्येक कार्ड तारखेप्रमाणे लावा, शेराही वाचा. मधले कार्ड नाही म्हणून तो पळून गेला असे मुळीच समजू नका; अनेक पट नष्ट झाले आहेत आणि 1865 चे तर फारच थोडे उरले आहेत.

पेन्शनचे कागद मात्र केंद्राकडे शोधू नका. ती पेन्शन राज्ये देत, आणि अर्ज सैनिक (किंवा त्याची विधवा) युद्धानंतर जिथे राहत असे त्या राज्यात होई. व्हर्जिनियात लढलेल्या माणसाचा अर्ज टेक्सासमध्ये मिळू शकतो, म्हणून त्यासाठी जनगणनेतील त्याचा पत्ता आधी पाहा.