फॅन फिल्मवर एक रुपयाही कमावत नसू, तरी कॉपीराइटचा त्रास होतो का?

होतो. नाशकात कॅमेरा हातात आलेल्या प्रत्येक पोराच्या तोंडी हेच असतं, 'आपण कुठे कमावतोय?' म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही विचारलंय की गाजलेल्या मराठी सिनेमातलं पात्र घेऊन पंचवीसेक मिनिटांची फिल्म केली, जाहिराती बंद ठेवल्या, खाली डिस्क्लेमर टाकला तर चालेल का. आणि त्याच पात्रावर कथा लिहून टाकल्या तर काय.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात उल्लंघन ठरवताना तुमची कमाई कुणी विचारत नाही. ती येते कलम ६३ मध्ये, म्हणजे शिक्षेच्या वेळी. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय त्याहून कमी शिक्षा देऊ शकतं. 'फुकट'चा उपयोग एवढाच.

डिस्क्लेमर तर काढूनच टाका. 'सर्व हक्क मूळ निर्मात्यांचे' असं तुम्हीच लिहिता, म्हणजे माल दुसऱ्याचा आहे हे माहीत होतं याची लेखी कबुली देता. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' असंही कुठल्याच कलमात नाही.

आता इथल्याच एका ग्रुपचं बघा. पात्र ओळखीचं, पण कथा आणि संवाद स्वतःचे, गोदाघाटावर पहाटे केलेलं शूटिंग, काम नीटनेटकं. फक्त पात्राच्या एन्ट्रीला मूळ सिनेमातली पार्श्वधून लावली. अपलोड करतानाच यूट्यूबच्या तपासणीत कंटेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं-फुटेज आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा, क्लेम आला. तो सिनेमाच्या निर्मात्याचा नव्हता, म्युझिक कंपनीचा होता. पोरांनी तीच धून हार्मोनियमवर वाजवून लावली. पुन्हा क्लेम. येणारच! रेकॉर्डिंग हा एक हक्क आणि चाल हा दुसरा. वाजवणारा बदलला म्हणून चाल तुमची होत नाही. कव्हर गाण्यांसाठी, म्हणजे जुनं गाणं नव्याने गाऊन-वाजवून काढायला, कायद्यात कलम ३१-सी आहे, पण ते नुसत्या ध्वनिमुद्रणापुरतं, ठरलेली रॉयल्टी आगाऊ भरून. व्हिडिओखाली धून लावायला ते कामाचं नाही.

इथवर फार बिघडलं नव्हतं. क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनलवर लागणारा उल्लंघनाचा ठपका) नव्हे. बहुतेक वेळा व्हिडिओ चालू राहतो, जाहिरातीचे पैसे समोरच्याकडे जातात. यूट्यूब स्टुडिओतच तेवढा तुकडा कापता येतो, गाणं बंद करता येतं किंवा बदलता येतं. पण ग्रुपमधल्या एकाने 'फेअर यूज' लिहून डिस्प्यूट टाकला. समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात, त्यांनी नाकारला. याने लगेच अपील ठोकलं. अपिलावर समोरच्याला सात दिवस मिळतात, आणि क्लेम सोडायचा नसेल तर त्याच्या हातात काढून टाकायची विनंती उरते. ती आली, व्हिडिओ गेला, चॅनलला स्ट्राइक बसला. स्ट्राइक ९० दिवस राहतो, तीन झाले की चॅनल बंद. आता व्हिडिओ स्वतः डिलीट केला तरी स्ट्राइक जात नाही. काउंटर नोटीस, म्हणजे व्हिडिओ परत लावा अशी उलट नोटीस, देता येते, पण तुमचं खरं नाव-पत्ता समोरच्याला जातो आणि कोर्टात जायला त्याला कामकाजाचे दहा दिवस मिळतात. 'फेअर यूज' हा अमेरिकेतला बचाव आहे. आपल्याकडे कलम ५२ चं 'फेअर डीलिंग' आहे आणि त्यातली कारणं मोजकी: खासगी वापर, संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. 'आम्ही फॅन आहोत' हे कारण त्या यादीत नाही.

मूळ कलाकृतीवर टीकाच करायची असेल तर मात्र जागा आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन प्रकरणात एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेलं प्रतिनाटक चालू दिलं. किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि त्याने मूळ नाटकाशी स्पर्धा होते का, हे पाहिलं गेलं. नुसतं प्रेमापोटी केलेलं काम यात बसवणं अवघड.

पात्राचं म्हणाल तर कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो, आर. जी. आनंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितलंय. प्रामाणिक हवालदार कुणीही लिहावा. पण २०१६ मध्ये चुलबुल पांडेच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने वेगळं उठून दिसणारं पात्र स्वतंत्रपणे संरक्षण मिळण्याजोगं मानलं. नाव, लकब, पोशाख, तकिया कलाम सगळं उचललंत तर तुम्ही त्याच रांगेत.

इथे कुणीतरी 'मग मालेगाववाल्यांना कुणी काय केलं?' विचारणारच. नासिर शेख यांचं 'मालेगाव के शोले', म्हणजे 'शोले'चं गावठी विडंबन, २००० सालचं. ते व्हिडिओ पार्लरच्या काळातलं. कुणी दावा केला नाही याचा अर्थ परवानगी होती असा होत नाही. आज तुमची फाइल माणूस बघायच्या आधी मशीन बघतं.

मुदतीचं गणित आधी करा. लेखकाचा हक्क मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे अप्पासाहेब बेलवलकरांवर काही करायचं तर २०५९ संपेपर्यंत परवानगी हवी. दादासाहेब फाळके १९४४ मध्ये गेले, ते मोकळे. सिनेमाची ६० वर्षं प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून, पण सिनेमा मोकळा झाला तरी त्यातल्या गाण्याचे शब्द कवीच्या हिशोबाने चालतात. इथेच बरेच जण आपटतात. शिवाय कलम ५७ मुळे हक्क विकलेला लेखकही विटंबनेची तक्रार करू शकतो, म्हणून निर्मात्याच्या होकारावर थांबू नका.

त्या ग्रुपने शेवटी धून आपल्याच तबलजी मित्राकडून नवी करून घेतली. फिल्म चालली, आणि मित्र म्हणाला, धून माझी, काढा. कागद नव्हता. मी तेव्हाही ओरडत होतो आणि दिग्दर्शक म्हणत होता, 'मैत्रीत कागद कशाला?' अरे, कलम १९ म्हणतं हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतो, आणि मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत! एका पानावर कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कुठे, किती मोबदला, सही. लेखक, संगीतकार, कॅमेरामन, सगळ्यांकडून, शूटिंगच्या आधी. दुसऱ्याच्या पात्रावर छाती ठोकणाऱ्यांकडे स्वतःच्या फिल्मचेच हक्क नसतात, हे मी आजही त्याला सुनावतो.

परवानगीच्या मेलमध्ये लांबी, कुठे दाखवणार, कमाई नाही आणि मूळ दृश्य-संगीत वापरणार नाही, एवढं सुटसुटीत लिहा. उत्तर आलं नाही तर तो नकार समजा.

कथांचं: तेच नियम, धोका कमी, कारण त्यात गाणं-फुटेज नसतं. पुस्तक छापून विकायला काढलंत की धोका वाढला.

आणि हो, मी वकील नाही. छापील वकिली नोटीस आली तर वकिलाकडेच जा. कलम ६२ मुळे समोरचा त्याच्या गावच्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो, म्हणजे तारखांना मुंबईला हेलपाटे तुम्हाला. धमकी पोकळ वाटली तर कलम ६० खाली उलट दावा करता येतो, फक्त त्याने खरोखरच रीतसर दावा लावून तो चालवला तर ते हत्यार बोथट होतं.