सांगलीत घरावर सोलर बसवले तर वीज गेल्यावरही घरात वीज राहते का?
बॅटरी नसेल तर राहत नाही, आणि ती राहते हाच सर्वांत मोठा गैरसमज आहे. महावितरणच्या ग्रिडला जोडलेली यंत्रणा पुरवठा खंडित होताच भर उन्हातही आपोआप बंद होते, कारण छतावरची वीज उलट वाहिनीत गेली तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतू शकते. एप्रिलच्या कडक उन्हात वीज जास्त मिळते, हेही अर्धसत्यच. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि काच तापली की निर्मिती घटते. गळीत हंगामात साखर कारखान्याची काजळी पॅनेलवर बसते, ती पहाटे, काच थंड असताना, साध्या पाण्याने धुवावी. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, परंतु उरलेला खर्च आपलाच असतो.